दोन तुझे, दोन माझे

१

आत्या आठवडाभर लोकांचे कपडे शिवायची आणि रविवारी पाण्याच्या तळाशी जाऊन बसायची. यात तिला काही विशेष वाटत नसे. कुणी रविवारी झोपा काढतं, कुणी पत्ते कुटतं, ही बुडी मारते, एवढंच. पन्नाशी कधीच उलटली होती, केस पिकले होते, पण छाती म्हणाल तर लोहाराचा भाता. दुकानात ती मशीनवर बसून हाक मारायची ती चौकातल्या माणसाला ऐकू जायची.

साथीला घड्याळजी. हे घड्याळं दुरुस्त करायचे म्हणून घड्याळजी; खरं नाव त्यांच्या बायकोलाही आठवून सांगावं लागे. कुठल्याशा बंद पडलेल्या क्लबाच्या माळ्यावरून त्यांनी बुडी मारायचं जुनं सामान उचलून आणलं होतं, त्यांच्या लग्नाच्याही आधीचं. घासूनपुसून, रबरं बदलून, घड्याळासारखं चालतं केलं. रबराचे फाटके अंगरखे आत्यानं जोडले. झाली जोडी तयार.

हल्लीच्या लोकांच्या टाकीला हवा किती उरली ते दाखवायला काटा असतो, आणि सोबत्याला द्यायला तोंडात धरायचं एक जास्तीचं रबर असतं. यांच्या सामानात असले लाड नव्हते. पाठीवर लोखंडी टाकी. मानेमागे ताटलीएवढा पितळी डबा. डब्यातून दोन सुरकुतलेल्या नळ्या कानांच्या बाजूनं पुढे यायच्या आणि जिथं भेटायच्या तिथं एकुलती एक तोंडी, दातांत धरायची. उजव्या नळीनं हवा आत यायची, डाव्या नळीनं सोडलेला श्वास मागे डब्यात जायचा आणि डब्यातल्या रबरी चोचीतून बुडबुडे होऊन सुटायचा. म्हणजे श्वास सोडायचा तोंडानं आणि आवाज ऐकायचा मानेमागे. नव्या माणसाला वाटायचं, पाठीवर कुणी बसलंय.

हवा संपत आली की ओढायला जड जायची. मग टाकीच्या कडेची दांडी खाली खेचली की थोडी राखीव हवा सुटायची. तीही संपली, तर सोबत्याची तोंडी मागायची आणि एका तोंडीवर दोघांनी वर यायचं. दोन श्वास माझे, दोन तुझे.

म्हणून आत्याचा नियम होता. आधी वाटून घ्यायला शिकायचं, मग फिरायचं. दर रविवारी तळाशी गेलं की दोघं समोरासमोर गुडघे टेकून बसायची आणि एकाच तोंडीवर श्वास घ्यायची, तेही डोळे झाकून. गाळ उठला की तसंही दिसत नाही काही. त्यासाठी आत्यानं डोळ्यांवरच्या काचांना घालायला काळ्या कापडाच्या टोप्या शिवल्या होत्या. त्यांना ती टोपडी म्हणायची.

२

पाणी होतं जुन्या दगडखाणीतलं. दगड काढून काढून जमिनीला भलंमोठं भोक पडलं, मग झरे फुटले, कामगार हत्यारं टाकून वर आले आणि खाण भरली. वरून हिरवी, खाली काळी. काठावर वहिनी, म्हणजे घड्याळजींची बायको, घडीच्या खुर्चीत बसून बुडबुड्यांवर नजर ठेवायच्या. "तुम्ही दोघं खाली जाता आणि जीव माझा जातो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्या रविवारीही नेहमीसारखंच झालं. तळाशी बसले, टोपडी चढवली. आत्यानं आपले दोन श्वास घेतले, तोंडी काढली आणि पुढे धरली. हातातून ती हलकेच गेली. मानेमागे बुडबुडे वाजले. एकदा. दोनदा. तोंडी परत ओठांशी आली.

असं चार-पाचदा झालं असेल, तेव्हा आत्याच्या मनात आलं, आज घड्याळजी बरे सुधारलेत. एरवी त्यांचा श्वास म्हणजे गंजलेला लंबक. अर्धा आत, अडखळला, उरलेला आत. आणि तोंडी परत द्यायचे ती हिसका देऊन, नाकावर आदळायची. आज श्वास कसा सुरेख, लहान, सारखा. तोंडी यायची ती अचूक ओठांवर, जशी लहान मुलाला वाटी लावतात.

शाबासकी द्यावी म्हणून तिनं समोर हात केला, खांदा थोपटायला. हात पाण्यातून नुसताच गेला.

तिनं टोपडं काढलं. समोर गाळ होता, आणि गाळावर दुसऱ्या कुणाच्या गुडघ्यांची खूण नव्हती. घड्याळजी पार तिकडे, वरून सोडलेल्या दोरीला धरून उभे होते आणि एका पायातल्या पोहायच्या रबरी पंजाशी, फ्लिपरशी, झटापट करत होते.

तोंडी तिच्या हातात होती. ती ओठांना लावायची राहिली होती, आणि मानेमागे दुसऱ्या श्वासाचे बुडबुडे अजून सुटत होते.

३

"अहो ताई, मी सुरुवातीलाच तुमच्या खांद्यावर टपली मारली की!" वर आल्यावर घड्याळजी म्हणाले. "पट्टा तुटला माझा. मला वाटलं समजलं तुम्हाला."

"मग मी वाटून कुणाबरोबर घेत होते?"

"माशाबरोबर," वहिनी म्हणाल्या. "मी इथं बसून सांगते, आज बुडबुडे फार नीट येत होते. यांचे असे येतच नाहीत. यांचे म्हणजे आमटी उतू गेल्यासारखे."

सगळे हसले. आत्याही हसली, आणि चहा पिता पिता तिनं कारण शोधून काढलं. ती काही उगाच भिणारी बाई नव्हती. या जुन्या सामानाची एक खोड आहे. तोंडी डब्यापेक्षा वर धरली की हवा आपोआप फुरफुरत बाहेर येते. हात वर गेला असेल, हवा सुटली असेल. संपलं. तोंडी हातातून कोण घेत होतं? पाण्यात सगळंच हलकं होतं, तोंडी काय नि माणूस काय.

आता, हे कारण तिला हवंच होतं, त्याचंही एक कारण होतं. पुढच्या रविवारी भाची पहिल्यांदा खाली यायची होती.

ही भाची म्हणजे आत्याच्या थोरल्या भावाची मुलगी. लहानपणी छातीची कच्ची. श्वास लागला की ओठ निळे पडायचे. भाऊ आणि भावजय कामासाठी दूरदेशी गेली ती पोरीला आत्याच्या ओटीत टाकून. जाताना भाऊ म्हणाला होता, "बाकी काही नको करूस गं. तिचा श्वास तेवढा सांभाळ." आत्यानं सांभाळला. मांडीवर उभं धरून, पाठ चोळून, गरम पाण्याची वाफ देऊन पोर वाढवली. आता ती विशीची झाली होती, डॉक्टरनं दोनदा तपासून छाती खणखणीत असल्याचं सांगितलं होतं, आणि तिनं वर्षभर हट्ट धरला होता.

"आत्या, तू म्हातारी झाल्यावर नेणार का मला?"

"मी म्हातारी झाले की तू मला ने. तोवर मी नेते."

मधल्या एका दुपारी, दुकानात कुणी नसताना, आत्यानं मागच्या खोलीत पिंप भरलं. डबा आणि टाकी पाण्यात बुडवली आणि तोंडी वर धरली. खरंच, हवा सुटली. पण ती सुटली ती सलग, फुर्रर्र करून, आणि तोंडी खाली घेईपर्यंत थांबली नाही. दोन श्वास, मग विसावा, असं काही हवेनं केलं नाही. आत्यानं पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच.

तिनं डबा पाण्यातून काढून पुसला. मग म्हणाली, "पिंप म्हणजे काय खाण नव्हे," आणि पाणी ओतून टाकलं. आजवर तिनं कापलेलं कापड चुकलं नव्हतं. याच खाणीत ती किती वर्षं उतरत होती. पोरीचं मन बुडबुड्यांपायी मोडायचं?

४

रविवारी घड्याळजींना सर्दी झाली. सर्दीत कान दुखतात, खाली जाता येत नाही, म्हणून ते काठावर बसले आणि सूचना देत राहिले.

"दांडी वर आहे का बघ. खाली जाताना दांडी वरच पाहिजे. खाली पडली की राखीव आधीच खाल्ली जाते आणि कळतही नाही."

"काका, हे तिसऱ्यांदा सांगितलंत."

"घड्याळालाही मी तीनदाच चावी देतो."

"तिला पाण्यात जाऊ द्या हो आता," वहिनी म्हणाल्या. "ती सर्दीनं मरेल तुमच्या शेजारी बसून."

आत्यानं त्या दिवशी टोपडी पिशवीतच ठेवली. उघड्या डोळ्यांनी वाटून घ्यायचं ठरवलं. तळाशी गुडघे टेकले, भाचीनं काचेआडून डोळे मिचकावले. दोन तुझे, दोन माझे. भाचीची बोटं तोंडीवर आली, गेली. तिचा श्वास मानेमागे वाजला तो उतावळा, हसरा. सगळं जसं असावं तसं. आत्याची नजर मात्र एकसारखी भाचीच्या खांद्यांवरून मागे जात होती. मागे हिरवं पाणी, त्याच्या मागे काळं पाणी. काही नव्हतं. तिला आपलंच हसू आलं.

मग दोघी फिरल्या. खाणीच्या भिंतीला लागून कामगारांची हत्यारं ठेवायची खोली होती, बिनछपराची. दाराची चौकट दगडी. आत भिंतीत कोनाडे, एका कोनाड्यात छिन्नी अजून तशीच, एका खिळ्याला पाण्याचा डबा. खिडकीशी दगडी बाक, पाण्यानं गुळगुळीत झालेला. भाचीला खोली फार आवडली. ती बाकावर जाऊन बसली आणि पाहुणी आल्यासारखे पाय जुळवून, हात मांडीवर ठेवून आत्याकडे बघत राहिली. आत्यानं हातानंच विचारलं, चहा घेणार का?

बाहेर पडताना चौकटीतल्या लोखंडी आकड्याला भाचीची टाकी घासली. दांडी आकड्यात अडकली आणि खाली आली. एवढाच आवाज झाला, चमचा पडल्यासारखा. दोघींनी ऐकला. दोघींना वाटलं, टाकी दगडाला लागली, आणि त्या खोलीबाहेर भिंतीशी बराच वेळ रेंगाळल्या.

५

भाची उठल्यानं खोलीतला गाळ उठला होता, तो दारातून त्यांच्या मागे आला. हिरवं पाणी तपकिरी झालं, मग काहीच दिसेना. आत्यानं भाचीचा छातीवरचा पट्टा पकडला. घाबरायचं कारण नव्हतं. पट्टा धरायचा आणि सावकाश वर जायचं.

भाचीनं तिचा हात दाबला. मग तोच हात ओढून स्वतःच्या गळ्यावरून आडवा फिरवला. हवा नाही. आत्यानं तिच्या टाकीची दांडी चाचपली. ती खालीच होती. राखीव कधीच संपली होती.

आत्याच्या हातांना काय करायचं ते ठाऊक होतं. मोठा श्वास घेतला, तोंडी काढली, भाचीच्या ओठांना लावली. मानेमागे बुडबुडे. एक. दोन. तोंडी परत आली. आत्यानं आपले दोन घेतले. पुन्हा दिली. पाय हलवले. दोघी वर निघाल्या.

तिसऱ्या खेपेला तोंडी परत यायला उशीर झाला. भाचीचे दोन झाले. आत्यानं ओठ पुढे केले. तोंडी आली नाही. मानेमागे आणखी एक श्वास वाजला. आणखी एक. मग आली.

घाबरलीय पोर, चार घेतले, घेऊ दे, असं आत्याला वाटलं. पहिलीच वेळ.

पण आत्याचा डावा हात भाचीच्या छातीवरच्या पट्ट्याला होता. याच छातीवर हात ठेवून तिनं किती काळ काढला होता. कपड्याचा पोत बोटांना कळावा तशी ती छाती तिला कळायची. पुढच्या खेपेला तिनं लक्ष दिलं. पहिल्या श्वासाला छाती उचलली. दुसऱ्याला उचलली. मग तोंडी गेली, आणि छाती स्थिर झाली. भाची शिकवल्याप्रमाणे बारीक बारीक श्वास सोडत निमूट थांबली होती. आणि मानेमागे बुडबुडे वाजत होते. लहान. सुरेख. सारखे.

तोंडी अचूक आत्याच्या ओठांवर आली.

आत्यानं ती दातांत धरली नाही.

तिनं काय विचार केला, तर असा. टाकीत हवा दोघींपुरती असेल. तिघांना ती पुरेल की नाही ठाऊक नाही. वर येताना छातीतली हवा फुगते, ती हळूहळू सोडत राहिलं तर मोठ्या छातीच्या माणसाला न घेताही वर जाता येतं. आणि जे कोणी होतं, ते दोनच घेत होतं. मागत होतं तेवढंच, परत देत होतं. त्याच्याशी ओढाताण केली तर तोंडीच हातातून सुटायची.

तिनं तोंडी तशीच भाचीला दिली. भाचीचे दोन. मग त्याचे दोन. आली की पुन्हा भाचीला. आत्या ओठांचा चंबू करून श्वास सोडत राहिली. पाणी तपकिरीचं हिरवं झालं, हिरव्याचं पांढरं. डोळ्यांपुढे तारे चमकायला लागले तेव्हा डोकं बाहेर आलं.

६

"आत्या! आत्या, आपण वाटून आलो वर!" भाची काठावर पालथी पडून हसत होती. "मी घाबरले नाही. बघितलंस ना? अजिबात घाबरले नाही."

घड्याळजींनी टाकी उलटी केली, दांडी पाहिली आणि पांढरे पडले. "तीनदा सांगितलं होतं," ते पुटपुटले, आणि मग सर्दी विसरून स्वतःचा कोट पोरीच्या अंगावर घातला. वहिनी रडत रडत रागावत होत्या. आत्या गवतावर पाय पसरून बसली आणि आकाश पिऊन घेत राहिली. भावाला दिलेला शब्द तिनं पाळला होता. अशी ऐट तिच्या अंगात बऱ्याच दिवसांत आली नव्हती.

परतीच्या वाटेवर घड्याळजी गाडी चालवत होते, वहिनी त्यांच्या शेजारी. मागच्या बाकावर भाची खिडकीशी आणि तिच्या बाजूला आत्या. पायांशी टाक्या. केस ओले म्हणून काचा लावलेल्या. भाचीला डुलकी लागली, डोकं काचेला टेकलं.

तिच्या श्वासानं काचेवर वाफेचा गोल उठला. विरला. पुन्हा उठला. विरला.

मग उठला नाही.

आत्या वाट बघत राहिली. पोरीचा चेहरा शांत होता, ओठ मिटलेले. आणि काचेवर, तिच्या तोंडापासून वीतभर खाली, जिथं तिच्या मांडीवर बसलेल्या कुणाचं तोंड आलं असतं तिथं, वाफेचा दुसरा गोल उठला. लहानसा. विरला. पुन्हा उठला. विरला. त्यानंतर भाचीनं श्वास घेतला.

जुना दमा परत आलाय, आत्यानं स्वतःला सांगितलं. आणि काच थंड आहे. आणि गाडीत ओले कपडे आहेत. तिनं भाचीला हलवलं. "काय गं, श्वास लागतोय का?"

"नाही." भाची डोळे न उघडता म्हणाली.

"मग थांबतेस का मध्येच?"

"माझे दोन झाले ना."

ती हे इतक्या साधेपणानं म्हणाली, की आत्यानं तिला हलवणारा हात मागे घेतला. कारण आता तिला आपली चूक दिसली. वर येताना ती मधून निघून गेली होती. आपला वाटा सोडला होता. राहिले कोण? पोर आणि ते. दोघांना तिनंच जोडीला लावून दिलं होतं. एकमेकांचा श्वास राखत वर आणलं होतं, आणि 'सुटा आता' म्हणून सांगायचं राहून गेलं होतं.

पुढच्या खेपेला खालचा गोल जरा जास्त वेळ टिकला. भाचीच्या ओठांच्या कडा निळसर दिसायला लागल्या होत्या.

७

"घड्याळजी, गाडी घ्या बाजूला."

"काय झालं?"

"काही नाही. पोरीला प्यायला पाणी पाहिजे. ते दुकान दिसतंय तिथून दोघं जाऊन आणा."

"दोघं कशाला? बाटली काय जड असते?" वहिनी म्हणाल्या. पण आत्याचा आवाज ऐकला आणि त्याही उतरल्या.

गाडीची दारं लागली. आत्यानं आपली टाकी उचलून मांडीवर घेतली, जवळ ओढली, पितळी डबा गालाशी आला. टाकीची तोटी फिरवली. थोडी हवा होती. तिनं तोंडी दातांत धरली, एक श्वास घेतला, सोडला. उघड्या हवेत रबरी चोच फप् करून वाजली, बदकानं पाय आपटल्यासारखी. दुसरा घेतला, सोडला. फप्.

मग तिनं डोळे मिटले. उघडे ठेवले असते तर चाललं असतं, पण तिला वाटलं, अंधारात ते लाजणार नाही.

"ऐक," ती म्हणाली. हट्टी गिऱ्हाईकाशी बोलावं तशी, शांत आणि ठाम. "ती लहान आहे. तिची छाती कच्ची होती, मी तिला घडवलंय. माझ्याकडे भरपूर आहे. आधी तू माझ्याबरोबरच होतास ना? मग इकडे ये. हे घे."

आणि तिनं तोंडी भाचीच्या मांडीवर, रिकाम्या हवेत, पुढे धरली.

कोपऱ्यावरच्या दुकानात वहिनी कुणाशी तरी सुट्या पैशांवरून वाद घालत होत्या, त्याचा आवाज येत होता. एक सायकल गेली. आत्याचा हात ताठ होता.

मग हातातलं वजन कमी झालं.

टाकीत हवा सरकल्याचा बारीक आवाज झाला. आणि तिच्या गालाशी, तिचं तोंड मिटलेलं असताना, रबरी चोच वाजली. फप्. गालाला वारं लागलं. ओलं होतं आणि गार होतं, आणि त्याला खाणीतल्या गाळाचा वास होता. फप्.

आत्यानं डोळे उघडले ते तोंडी परत ओठांवर टेकली तेव्हा. त्या क्षणी तिला तोंडीच्या पलीकडे काहीतरी मागे सरताना दिसलं. हात होता म्हणावं, तर बोटं दिसली नाहीत. पाण्यात बुडवून ठेवलेल्या कापडाचा रंग असतो तसा रंग, एवढंच तिला पुढे स्वतःला सांगता आलं.

शेजारी भाचीनं श्वास घेतला. एक, दोन, आणि मग तिसरा. चौथा. घोरायला लागली.

"पाणी आणलंय," वहिनी दार उघडून म्हणाल्या. "अगंबाई, हे काय मांडीवर घेऊन बसलात?"

"सामान तपासतेय," आत्या म्हणाली. मग थांबली. वहिनींना वाटलं, ती काहीतरी पुढे बोलणार आहे.

८

भाची आता दर रविवारी खाली जाते, घड्याळजींबरोबर. दांडी चारदा तपासते. तिचा श्वास कसा आहे विचाराल, तर ती जिना चढता चढता गाणं म्हणते.

आत्याही जाते. "ताई, हवा फार खाता हो हल्ली," घड्याळजी म्हणतात, "निम्म्या वेळात टाकी रिकामी." आत्या म्हणते, वय झालं.

दुकानात बायका माप द्यायला येतात, गप्पा मारत बसतात. आत्या पूर्वी एकदा बोलायला लागली की मशीनसारखी थांबायची नाही. आता ती दोन वाक्यं बोलते आणि गप्प होते. समोरच्या बाईला वाटतं, आपल्या हुंकाराची वाट बघतेय, आणि ती म्हणते, "हं, मग?" मग आत्या पुढचं सांगते. लोक म्हणतात, वय वाढलं तशी किती छान, तोलून बोलायला लागली.

भाची हुंकार देत नाही. ती समोर बसून बटणांची काजं करते आणि आत्या थांबली की तीही सुई थांबवते. तिला कुणी काही सांगितलेलं नाही. पण आत्या त्या वेळात आपल्या उजव्या बाजूला बघते, जरा खाली, जेवायला वेळ लावणाऱ्या मुलाकडे आई बघते तशी, हे तिनं पाहिलंय.

परवा दुपारी आत्या अशीच थांबली. एक श्वास झाला. दोन झाले. भाचीनं सुई उचलली.

आत्या अजून थांबलेली होती.

तिचा चेहरा लाल झाला, मग त्याहून गडद. तरी ती घाबरलेली दिसली नाही. तिनं भुवई उंचावली, आजवर जिच्यापुढे कुणी गिऱ्हाईक टिकलं नव्हतं ती भुवई, आणि उजवा हात पुढे केला. तळवा वर. दे इकडे, अशा अर्थानं. आणि तसाच धरून ठेवला.